ईएलडीवरून वाद चाललाय, जुन्या इंजिनाचा ट्रक घ्यावा का?

ग्रीनवुडचा_सांगलीकर

नमस्कार मंडळी. मी इंडियानात ग्रीनवुडला असतो, कंपनीचा ट्रक चालवतो, ड्राय व्हॅन म्हणजे बंद डब्याचा. आता स्वतःचा ट्रक घ्यायचं जवळपास ठरलंय आणि तिथंच गाडं अडलंय. इथं आपली मराठी माणसं या धंद्यात बोटावर मोजण्याइतकी, माझी सगळी उठबस पंजाबी ड्रायव्हर लोकांत, आणि ज्यांचं मी ऐकतो त्या दोन वडीलधाऱ्या पाजींचं ईएलडीवरून (ट्रक चालवल्याचे तास आपोआप नोंदवणारं मशीन) एकमेकांशी अजिबात पटत नाही. एक म्हणतात २००० सालाच्या आधीच्या इंजिनाचा ट्रक घे, त्याला ईएलडी लागत नाही, कागदी लॉगबुकावर आरामात धंदा कर, मशीनच्या नादानं ड्रायव्हरचं आयुष्य मिनिटामिनिटाला बांधलं गेलंय. दुसरे म्हणतात कागद होता तेव्हा डिस्पॅचर, म्हणजे ऑफिसातून लोड लावणारे, आम्हाला झोपू द्यायचे नाहीत, ईएलडी आल्यावर पहिल्यांदा रात्रीची झोप मिळाली. दोघंही मनापासून बोलतात, दोघांनीही आयुष्य घातलंय यात, म्हणून मला कुणाला खोटं म्हणवत नाही. तुमच्यापैकी जे या लाईनमध्ये आहेत त्यांनी सांगा, जुनं इंजिन घेऊ का, आणि या भांडणात खरं काय आहे?

सेफ्टीवाली_डॅलस

दादा, मी एका ट्रकिंग कंपनीत सेफ्टी आणि लॉग बघते. आधी तुमच्या ट्रकचं बोलू. सूट इंजिनाच्या मॉडेल इयरवर आहे, गाडीच्या नाही, आणि ती सूट फक्त मशीनपुरती आहे हो! ११ तास ड्रायव्हिंग, ड्युटी चालू झाल्यापासून १४ तासांची खिडकी, त्यानंतर गाडी चालवायची नाही, मग सलग १० तास सुट्टी, ८ दिवसांत ७० तास, हे सगळं जुन्या इंजिनालाही तसंच लागू, फक्त हातानं लिहायचं. शिवाय कॅलिफोर्नियाचं काय करणार? तिथं २०२३ पासून अवजड ट्रकला जवळपास सरसकट २०१० किंवा त्यानंतरचं इंजिन लागतं, बाहेरच्या राज्यातून आलेल्या गाडीलाही. म्हणजे ईएलडी चुकवायला घेतलेला ट्रक त्या राज्याचे लोड उचलूच शकणार नाही. रिपेअरचा खर्च तर मी धरलेलाच नाही.

आता भांडणाचं. मी दुसऱ्या पाजींच्या बाजूनं आहे आणि ठामपणे आहे. कागदी लॉगच्या काळात "थोडं ॲडजस्ट कर" हे वाक्य ड्रायव्हरनं किती वेळा ऐकलं असेल ते त्यालाच विचारा. आज गाडी ताशी ५ मैलांच्या वर गेली की मशीन स्वतः ड्रायव्हिंग लावतं आणि ते लागलेले तास नंतर कुणाला कमी करता येत नाहीत, ना ड्रायव्हरला ना ऑफिसला. कुणी फोनवर दबाव टाकला तर ड्रायव्हर सरळ म्हणू शकतो की तास संपलेत, स्क्रीन बघा. आणि हे आयतं मिळालेलं नाही. आधीचा एक नियम २०११ मध्ये कोर्टानं रद्द केला होता, कारण या मशीनचा वापर करून मालक ड्रायव्हरला छळणार नाही याची सोय त्यात नव्हती. ती केस ओनर-ऑपरेटर लोकांची संघटना ओआयडाच लढली. नंतर अमेरिकेच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, २०१२ मध्ये कायदा केला, डिसेंबर २०१५ मध्ये नवा नियम आला त्यात छळाबद्दलच्या तरतुदी आहेत, अगदी ड्रायव्हर स्लीपरमध्ये (केबिनमागच्या झोपायच्या जागेत) असताना मशीनचा आवाज बंद व्हायला हवा इथपर्यंत. १८ डिसेंबर २०१७ ला सक्ती झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून ईएलडी नसेल तर गाडी जागेवर उभी करायला लागले.

जुनं_स्टिअरिंग (शिकागो)

ताई, नियम तुम्ही बरोबर सांगितलात पण तुम्ही ऑफिसात बसून सांगताय, डॉकवर, गोदामात माल चढतो-उतरतो तिथं, उभं राहून बघा एकदा. ओआयडानं पहिली केस जिंकली हे खरं, पण नव्या नियमाविरुद्धही ते कोर्टात गेले होते हे सांगायचं राहिलं, तिथं २०१६ मध्ये हरले आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं ऐकायला नकार दिला. मोठ्या कंपन्यांची संघटना एटीए मात्र ईएलडीच्या बाजूनं, आणि का नसेल, त्यांच्या बऱ्याच गाड्यांत आधीच मशीनं बसलेली होती.

मूळ दुखणं ईएलडी नाहीच, ते १४ तासांचं घड्याळ आहे. सकाळी सहाला ड्युटी चालू केली, सातला शिपरकडे (माल पाठवणाऱ्याकडे) पोचलो, त्यानं अकरापर्यंत लोडच केलं नाही, तर ते चार तास माझ्या १४ मधून गेले, परत येत नाहीत. आणि पगार मैलावर! गाडी उभी म्हणजे मी फुकट. पहिले दोन तास तर बाजारात फ्रीच धरतात, त्यानंतर डिटेन्शन, म्हणजे थांबवून ठेवल्याचे पैसे, मिळालं तर मिळालं. ओव्हरटाईमचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा १९३८ चा, त्यातून आंतरराज्य ट्रक ड्रायव्हर पहिल्यापासून वगळलेला. म्हणजे ज्याचा वेळ मशीननं मिनिटात मोजायचा त्यालाच वेळेचे पैसे नाहीत, आणि ज्यानं वेळ खाल्ला त्या गोदामावर कसलंच मशीन नाही. कागदावर पंधरा मिनिटांचे चौकोन होते, थोडं इकडंतिकडं व्हायचं, पण माणूस थकला की वाटेत तासभर झोपायचा. आता झोपला तर घड्याळ पळतंय म्हणून झोपतच नाही आणि पुढं स्पीड मारतो. हे मी मनानं सांगत नाही, २०२१ मध्ये इथल्या प्राध्यापकांचा अभ्यास छापून आलाय, तासांचे नियम जास्त पाळले जायला लागले पण अपघात कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही, आणि छोट्या कंपन्यांत स्पीडिंगसारखे गुन्हे उलट वाढले.

पार्किंगचं तर बोलायलाच नको. संध्याकाळी सातनंतर ट्रक स्टॉपवर जागा शोधून दाखवा. जेसन्स लॉ म्हणून पार्किंगबद्दलची तरतूद त्याच २०१२ च्या कायद्यात आहे, ज्या ड्रायव्हरच्या नावानं ती आहे तो लोड द्यायला वेळेआधी पोचला होता, आत घेत नव्हते म्हणून बंद पडलेल्या पेट्रोल पंपावर थांबला आणि तिथं लुटारूनं त्याला गोळी घातली. तास संपले की थांब म्हणता, थांबू कुठं ते सांगा ना.

ब्रॅम्प्टनकर

काकांचं डॉकवालं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण नव्या माणसाला एक सांगतो, हातात जे आहे ते पूर्ण वापरायला शिक. सप्टेंबर २०२० पासून अमेरिकेत १० तासांची सुट्टी ७ आणि ३ अशी दोन तुकड्यांत घेतलेली (स्लीपरचं स्प्लिट) चालते (८ आणि २ आधीपासून होतंच). डॉकवर तीन तास जाणार हे दिसलं, खरंच कामातून मोकळा असशील तर स्लीपरमध्ये जा आणि तसं लाव, नंतर सलग ७ तास स्लीपर घेतलेस की ते तीन तास तुझ्या १४ मधून वगळले जातात. कित्येक जुन्या लोकांना हे अजून जमत नाही आणि ते दिवस वाया घालवतात. दुसरं, रिसीव्हरकडेच (माल घेणाऱ्याकडेच) तास संपले तर जवळच्या सुरक्षित जागी झोपायला जाण्यासाठी पर्सनल कन्व्हेयन्स, म्हणजे खाजगी कामासाठी गाडी चालवल्याची नोंद, लावता येतं, मात्र त्यात पुढच्या लोडच्या दिशेनं मैल काढायला गेलास तर ते खोटं लॉग झालं, सापडशील.

आमच्या कॅनडात १३ तास ड्रायव्हिंग मिळतं, पण पर्सनल दिवसाला ७५ किलोमीटरच आणि तेही रिकाम्या गाडीनं. सक्ती जून २०२१ ला आली, दंड वगैरे जानेवारी २०२३ पासून. एक फरक मोठा आहे, इथं प्रत्येक मशीन तिसऱ्या संस्थेकडून तपासून पास व्हावं लागतं, तुमच्याकडे बनवणाराच स्वतः सांगतो की माझं मशीन नियमात बसतं, मग सरकार एकेक यादीतून काढत बसतं. स्वस्तातलं घेऊ नकोस, उद्या यादीतून उडालं तर तुझीच धावपळ.

कळंबोली_लाईन

मी भारतातून लिहितोय, आमच्या दोन गाड्या आहेत आणि त्याआधी मी स्वतः बरीच वर्षं चालवली, जेएनपीटी ते नागपूर, रायपूर. तुमचं वाचून वाटलं की तुम्ही भांडताय ते तरी कशावरून भांडताय, तास मोजावे कसे यावरून. आमच्याकडे मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा कायदा १९६१ ला आला, नोव्हेंबर २०२५ ला नवे लेबर कोड येईपर्यंत तोच होता, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, पाच तासानंतर अर्धा तास विश्रांती. रस्त्यावर विचारा कुणाला माहितीय का. गाडीत जीपीएस बऱ्याच जणांच्या असतो पण तो मालकासाठी, गाडी अर्धा तास थांबली की फोन येतो "का थांबलास?". किती तास चालवलीस हे त्याच मशीनमधून दिसतं पण ते कुणी बघत नाही. गडकरी साहेबांनी २०२१ मध्ये तास ठरवण्याचं आणि झोप ओळखणाऱ्या सेन्सरचं बोलून दाखवलं होतं. एसी केबिनची सक्ती ऑक्टोबर २०२५ पासून नव्या गाड्यांना आली, तासांचं अजून तिथंच आहे. आणि अपघात करून न कळवता पळालं तर १० वर्षांपर्यंत शिक्षा अशी तरतूद कायद्यात आणली, त्यावरून जानेवारी २०२४ ला केवढा संप झाला आठवत असेल. म्हणून मला डॅलसच्या ताईंचं पटतं. मोजणारं कुणीतरी पाहिजे, पण त्या मोजमापाचा कागद ड्रायव्हरच्या हातात पाहिजे, नुसता मालकाच्या मोबाईलात नको.

ग्रीनवुडचा_सांगलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार. जुन्या इंजिनाचं डोक्यातून काढलं, कॅलिफोर्नियाचं मला कुणी बोललंच नव्हतं. पण काकांचा मुद्दा पोटात घट्ट बसलाय. स्वतःचा ट्रक झाल्यावर डॉकवर गेलेल्या तासांचे पैसे मिळवायचे कसे, ते पण सांगा की.

सेफ्टीवाली_डॅलस

लोड घेण्याआधीच रेट कन्फर्मेशनवर (ब्रोकर, म्हणजे लोड मिळवून देणारा दलाल, दर लिहून देतो तो कागद) डिटेन्शनचा ताशी दर आणि किती तासांनंतर लागू हे लिहून घ्यायचं, फोनवरच्या बोलण्याला किंमत नाही. पोचल्याची आणि निघाल्याची वेळ बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, गोदामवाल्याच्या सहीनं घ्या. दोन तास पूर्ण व्हायच्या आधी ब्रोकरला मेसेज टाकायचा. आणि तुमच्या ईएलडीत ठिकाण आणि वेळ दोन्ही असतं, ते रेकॉर्ड सहा महिनेच ठेवायचं बंधन आहे तेव्हा दर महिन्याला कॉपी काढून स्वतःकडे ठेवा.

जुनं_स्टिअरिंग (शिकागो)

हे ताईंनी बरोबर सांगितलं, मी पण असंच करतो. एवढं करूनही काही ब्रोकर देत नाहीत, त्यांची नावं वहीत लिहून ठेव आणि त्यांचा लोड परत उचलू नकोस, कितीही चांगला रेट दिला तरी.