काँक्रीटचा रस्ता फोडून ड्रेनेज टाकणं बंद करा, ट्रेंचलेस (चर न खणता पाईप टाकणं किंवा दुरुस्त करणं) सक्तीचं करा. पटतंय का?

रस्तेकर (धागाकर्ता):
आमच्या इथला मेन रस्ता काँक्रीटचा झाला, सगळे खूश, आणि पुढच्याच उन्हाळ्यात ड्रेनेज लाईन बदलायची म्हणून मधोमध कटर चालवला. पावसाळ्यात ती पट्टी खचली, दुचाकीवाले घसरायला लागले, आता तिथं थोडं पेव्हर ब्लॉक थोडं डांबर असा प्रकार आहे. माझं सरळ म्हणणं आहे की काँक्रीटच्या रस्त्याखाली किंवा तीन मीटरपेक्षा खोल कुठलीही मेन लाईन असेल तर ओपन कट, म्हणजे वरून चर खणून पाईप टाकणं, बंदच करायचा. आणि हे काही कालचं तंत्र नाही. १९७१ साली लंडनच्या हॅकनीत एरिक वूडनं विटांच्या जुन्या गटाराला आतून रेझिनचं अस्तर बसवून दाखवलं, त्याच वर्षी कॅलिफोर्नियात मार्टिन चेरिंग्टननं नदीखालून तिरपं ड्रिल मारून पाईप ओढून नेला, जपानात त्याच दशकात मायक्रोटनेलिंग (वरून चालवलेल्या मशीननं छोटा बोगदा पोखरत मागून पाईप ढकलणं) उभं राहिलं. पन्नास वर्षं उलटून गेली आणि आपण अजून जेसीबी आणतो.

"महाग पडतं" हे उत्तर मला पटत नाही. ओपन कटच्या दरात काय धरलेलं असतं? खोदाई, शोरिंग (चराच्या कडांना टेकू), पाईप, भराव, वरचा रस्ता. चार महिने दुकानांसमोर पत्रे उभे असतात ते कोण धरतं? वळसा घालून जाणाऱ्या बसचं डिझेल? रस्त्याचं कमी झालेलं आयुष्य? हे सगळं लोकांच्या खिशातून जातं म्हणून एस्टिमेटमध्ये दिसत नाही, एवढंच.

साईटवाला:
दादा, मी याच धंद्यात आहे, मायक्रोटनेलिंगच्या साईटवर. तुमची कळकळ बरोबर आहे पण सक्ती म्हणालात तिथं माझा विरोध. आपली जमीन बघा आधी. पुण्या-मुंबईत खाली डेक्कन ट्रॅप, म्हणजे वर भराव, मग मुरूम, मग मऊ खडक, मग एकदम कठीण बेसाल्ट, आणि हे थर सरळ नसतात. मशीनच्या तोंडासमोर खालचा अर्धा भाग कातळ आणि वरचा अर्धा मुरूम आला की मशीन मऊ बाजूला उचलतं, लाईन लेव्हल जाते. मातीसाठी लावलेलं कटरहेड दगडात नेलं की दात झिजून बसतात. मग मशीन अडकतं आणि ते काढायला भर रस्त्यात रेस्क्यू शाफ्ट (खोल खड्डा) खणावा लागतो, म्हणजे जे टाळायचं होतं तेच, वर मशीनचं भाडं चालू.

आणि खरी भीती वेगळीच आहे. सक्ती केली की सगळे एचडीडी (तुम्ही म्हणालात ते तिरपं ड्रिल मारून पाईप ओढणं) लावतील कारण ती रिग गल्लोगल्ली मिळते, फायबरवाल्यांची. एचडीडीत एक माणूस हातात लोकेटर धरून रस्त्यावरून ड्रिलच्या डोक्याच्या बरोबर वरून चालत असतो, खोली आणि कोन ओरडून सांगतो, रिगवरचा त्यावर दिशा वळवतो. पाण्याच्या किंवा गॅसच्या दाबाच्या पाईपला हे चालतं. ड्रेनेज उतारावर वाहतं, दाबावर नाही. १५० मिमीच्या लाईनला साधारण १७० ला १ उतार लागतो, वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ बसायला लागतो. तेवढा काटेकोर उतार वॉकओव्हर लोकेटरनं राखता येत नाही. मधे पोट पडतं आणि ती लाईन जन्मभर तुंबते.

वैदेही_ठाणे:
साईटवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या सोसायटीसमोर बोअर मारणाऱ्यांनी पाण्याची लाईन फोडली आणि दोन दिवस गढूळ पाणी आलं, कुणीच जबाबदारी घेतली नाही. उघड्या चरात निदान समोर काय आहे ते डोळ्यांना दिसतं. जमिनीखालून आंधळं ड्रिल चालवायचं तर आधी खाली काय आहे ते माहीत तर हवं. २०२३ ला इथंच ठाण्यात बोअरवेल मारताना मुंबईला पाणी नेणाऱ्या बोगद्याला भोक पडलं, दुरुस्तीसाठी महिनाभर १५ टक्के पाणीकपात सोसली मुंबईनं. एवढा मोठा बोगदा कुठून जातो हे ज्याला कळलं नाही तिथं घरगुती ड्रेनेजच्या जोडण्या कुठल्या नकाशावर असणार?

आणि गॅसचं तर विचारूच नका. अमेरिकेत केनोशा गावात १९७६ ला असंच झालं, बोअर मारून टाकलेली गॅसची लाईन एका घराच्या ड्रेनेज पाईपमधून आरपार गेली होती. पुढं ड्रेनेज तुंबलं म्हणून प्लंबरनं आत मशीन घातलं, गॅसचा पाईप फाटला, स्फोट झाला, माणसं गेली. आता आपल्याकडे घरोघरी पाईपगॅस येतोय.

रस्तेकर:
वैदेहीताई, केनोशाचं उदाहरण अगदी योग्य आहे, पण ते नकाशा नसण्याविरुद्ध आहे, ट्रेंचलेसविरुद्ध नाही. जेसीबीनं केबल आणि पाण्याच्या लाईनी कमी तुटतात का? केंद्र सरकारनं २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' ॲप आणलं ते याचसाठी, खोदणाऱ्यानं आधी कळवायचं आणि ज्याच्या लाईनी आहेत त्यानं येऊन दाखवायच्या. त्याच्या जोडीला जीपीआर सर्वे (रडारनं जमिनीखालचं बघणं), संशय आला तिथं छोटा चाचणी खड्डा, आणि बोअर झाल्यावर आजूबाजूच्या ड्रेनेजमध्ये कॅमेरा घालून बघायचं की आपला पाईप कुठं आत घुसला तर नाही ना. याला खर्च आहे, तो टेंडरमध्ये धरा.

साईटवाला यांचं एचडीडीबद्दलचं म्हणणं मला मान्यच आहे आणि माझी मागणी तिथं नाहीच. उताराच्या लाईनला लेझर लावून मायक्रोटनेलिंग करा, इंचभराच्या आत लेव्हल राहते. जुनी लाईन तडकलीय पण उभी आहे तर अस्तर. लहान पडतेय तर पाईप बर्स्टिंग, जुना पाईप आतून फोडत मागून मोठा एचडीपीईचा (प्लास्टिकचा) पाईप ओढायचा.

निवृत्त_उपअभियंता:
अस्तराबद्दल (लोक सीआयपीपी म्हणतात ते) लिहितो, कारण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवल्या जातात. फेल्टची नळी रेझिनमध्ये भिजवून येते, उन्हात आधीच घट्ट होऊ नये म्हणून थंड गाडीतून. चेंबरवर मचाण बांधून पाण्याच्या दाबानं ती आत उलटवत नेतात, मोजा उलटा करावा तशी, म्हणजे रेझिनची बाजू जुन्या पाईपला चिकटते. मग गरम पाणी, वाफ किंवा यूव्ही दिवे लावून ती कडक करतात. यानंतर त्या गल्लीतली सगळी घरं बंद झालेली असतात! अस्तरानं प्रत्येक घराच्या जोडणीचं तोंड झाकलेलं असतं. कॅमेऱ्यावर तिथं बारीक खळगा दिसतो, तो हेरून आतूनच रोबोट कटरनं भोक पाडायचं. एक तोंड चुकलं की त्या घरात मैला उलटा वर येतो. म्हणून आधीच्या सीसीटीव्हीत प्रत्येक जोडणीचं अंतर लिहून ठेवणं हा सगळ्या कामाचा प्राण आहे आणि तेच घाईत उरकतात.

दुसरं, लाईन खचली असेल तर अस्तर त्या खचलेल्या आकारातच बसतं, उतार सुधारत नाही. पूर्ण ढासळलेल्या पाईपमधून नळी जातच नाही. आणि पेठांमधल्या गल्ल्या घ्या, लाईन मीटर-सव्वा मीटरवर, दर चार पावलांवर जोडणी. बर्स्टिंग केलं तरी प्रत्येक जोडणीपाशी खणावंच लागतं, वर माती फुगून शेजारच्या जुन्या वाड्याच्या पायाला धक्का. तिथं रात्री हातानं खणून आठवड्यात बुजवणं हेच शहाणपणाचं आहे. सरसकट सक्ती नको.

सुरेखा_एस:
सगळे रस्त्याचं आणि पैशाचं बोलताय, चरात उतरणाऱ्या माणसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितेय. पाच-सहा मीटर खोल चर, शोरिंग नावाला, वरून पाण्याचा टँकर गेला की कड ढासळते आणि मजूर गाडला जातो, हे आपण पेपरात किती वेळा वाचतो. माझ्यासाठी ट्रेंचलेसच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे, खोल लाईनीला माणूस चरात उतरवायचाच नाही. आणि लाईन गुळगुळीत असली, सांध्यातून झाडाची मुळं आत आली नाहीत, तर ती कमी तुंबते, म्हणजे चेंबरमध्ये उतरायची वेळही कमी येते. हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे, सुप्रीम कोर्टानं गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला २०१४ ला १० लाख सांगितले, २०२३ ला ते ३० लाख केले. रक्कम वाढली तरी माणसं मरायची थांबलेली नाहीत.

साईटवाला:
ताई, तुमच्या मुद्द्याला हात जोडून एक जोडतो. ट्रेंचलेस म्हणजे माणूस खाली उतरत नाही असं समजू नका. अस्तर घालायचं तर चालू ड्रेनेज अडवावं लागतं, वरच्या चेंबरला प्लग मारून पंपानं पाणी वळवायचं. तो रबरी प्लग बसवायला, जेटिंगनं (जोराच्या पाण्याच्या फवाऱ्यानं) न निघालेला दगड-गाळ काढायला कुणीतरी उतरतोच. गॅस मीटर, ब्लोअर, कमरेला हार्नेस आणि वर ट्रायपॉड हे सगळं कागदावर असतं. बऱ्याच ठिकाणी बॅटरी संपलेला मीटर फक्त फोटोपुरता धरलेला मी पाहिलाय. टेंडरमध्ये यासाठी वेगळी रक्कम नसते, असली तर ठेकेदार ती वाचवतो.

रस्तेकर:
मग ती रक्कम वेगळ्या बाबीत टाका आणि स्पर्धेतून बाहेर काढा, म्हणजे कमी बोली लावायला कुणी तिथं कात्री मारणार नाही. मी सक्तीवर ठाम आहे, खोल मेन लाईन आणि काँक्रीटचे रस्ते एवढ्यापुरतं. पेठेतल्या मीटरभर खोल गल्लीबद्दल मी सुरुवातीपासून बोलतच नाहीये. खोली वाढते तसं ओपन कट सगळ्याच बाजूंनी महागतं, शोरिंग, पाणी उपसणं, रुंद चर, शेजारच्या इमारती. सक्ती नसेल तर पद्धत ठेकेदार ठरवतो आणि तो जेसीबीच आणतो.

निवृत्त_उपअभियंता:
खोल लाईनीपुरतं म्हणत असाल तर माझा विरोध पद्धतीला नाही, बिल काढण्याला आहे. चरात पाईप टाकला की मी स्वतः लेव्हल लावून बघत होतो आणि मगच बुजवू देत होतो. जमिनीखाली केलेलं काम ज्युनिअर इंजिनियर ठेकेदारानं दिलेल्या पेन ड्राईव्हवर बघतो, तोही दुसऱ्याच गल्लीचा असू शकतो. तपासणीचा कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस खात्याचा स्वतःचा हवा, आणि एक पावसाळा गेल्यावर तीच लाईन पुन्हा कॅमेऱ्यानं बघितल्याशिवाय शेवटचं बिल निघता कामा नये. ही अट घाला, मग सक्तीच्या ठरावावर पहिली सही मी करतो.