मदत हवी आहे: चालू सर्व्हरवर अपडेट कोणते घ्यावे, कोणते थांबवावे?

नमस्कार मंडळी,

इंदूरला सियागंजमधल्या काही ठोक व्यापाऱ्यांचं बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. सर्व्हरवर डेबियन ११ (लिनक्सचा प्रकार), कोड पीएचपी ७.४ मध्ये, डेटाबेस पोस्टग्रेस १३. माल गाडीत चढलाय आणि बिल निघत नाही, असं झालं की शेठ लोकांचे फोन सुरू होतात. म्हणून आमचे साहेब म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नका. तिकडे एका ऑडिटरने लांबलचक यादी धाडली आहे: सगळं जुनं आहे, ताबडतोब नवी आवृत्ती टाका. मला दोघांचंही पटत नाही.

ऑडिटरचा स्कॅनर नुसता आवृत्तीचा आकडा वाचतो. डेबियन स्टेबलमध्ये (स्थिर आवृत्तीत) सुरक्षेची दुरुस्ती सहसा जुन्याच आवृत्तीत बसवतात, मूळ आकडा तोच राहतो आणि त्यापुढच्या 'डेब११यू' या शेपटाचा आकडा वाढत जातो. नवं तेवढं सुरक्षित, असंही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनातला चोरदरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या ताज्या आवृत्त्यांतच निघाला, स्टेबलवाले वाचले. पण त्याच वर्षी जुलैत ओपनएसएसएचचं (सर्व्हरवर दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅमचं) भोक उघडं पडलं, तेव्हा डेबियन १२ वाल्यांना पॅच लगेच घ्यावाच लागला. साहेबांना हे कसं समजवायचं? अपग्रेड पुढे ढकलता येतो, सुरक्षेचा पॅच नाही.

अपग्रेडची खरी अडचण पीएचपीची आहे. डेबियन १२ मध्ये ८.२ येतं. आमच्या बिलात सूट नसेल तर रकाना रिकामा सोडतात, आणि कोडमध्ये तो शून्याशी ताडून पाहिलाय. ७.४ मध्ये रिकामं आणि शून्य सारखंच धरलं जातं, ८ पासून नाही. म्हणजे सूट नसलेलं बिल सूटवाल्या हिशेबात शिरतं आणि तिथेच अडकतं. टेस्ट सर्व्हरवर हे दिसलं. असं अजून कुठे कुठे दडलंय, ते शोधायला वेळ हवा. डेबियन ११ चा एलटीएस (सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळण्याचा वाढीव काळ) ३१ ऑगस्ट २०२६ ला संपतो, तेव्हा फार काळ हातात नाही. रंगपंचमीला इंदूरात गेर (रंगांची मिरवणूक) असते, आमच्या व्यापाऱ्यांची दुकानं बंद, मोठं काम त्याच दिवशी उरकावं असा विचार आहे.

तोपर्यंत आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स फक्त सिक्युरिटीपुरतं चालू ठेवायचं म्हणतो. पण पोस्टग्रेसचं पॅकेज अपडेट झालं की डेटाबेस रीस्टार्ट होतो. ते पॅकेज ब्लॅकलिस्टमध्ये (वगळायच्या यादीत) टाकून रात्री हाताने अपडेट करावं, की अपडेटचा टायमरच पहाटे लावून सगळं आपोआप होऊ द्यावं? ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी अपडेट होऊनही चालू प्रोसेस जुनीच लायब्ररी धरून बसतात. त्यासाठी नीडरीस्टार्टला (काय रीस्टार्ट करायचं ते शोधणाऱ्या साधनाला) सगळं आपोआप रीस्टार्ट करू देता का, की यादी बघून एकेक?

ज्यांच्याकडे दिवसभर बिलं चालू असतात, त्यांनी आपापली पद्धत सविस्तर सांगावी. ऑडिटरला पॅकेजच्या चेंजलॉगमधले (बदलांच्या नोंदीतले) सीव्हीई, म्हणजे सुरक्षेच्या त्रुटींचे क्रमांक दाखवून काम भागलं असेल, तर तेही लिहा.