सुतारकामाच्या मशीनला लहानसहान सोयी जोडणं : कामाचं, की नुसती हौस?

मांगरातला रंधा (दापोली)

मेस्त्री लोकांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "मशीन कापतंय ना? मग त्याला कशाला हात लावायचा?" माझं मत बरोबर उलटं आहे. नवीन मशीनसाठी पैसे साठवत बसण्याआधी आहे त्या मशीनवर थोडे पैसे आणि एखादा रविवार घाला.

कुठल्याही शेडमध्ये जा आणि कटर मशीनचं (टेबलातून वर आलेल्या गोल ब्लेडने लाकूड कापायचं मशीन) गार्ड, म्हणजे ब्लेडवरचं झाकण, कुठे आहे ते बघा. बहुतेक वेळा भिंतीवर, खिळ्याला टांगलेलं. कधीतरी खाच मारायची होती म्हणून काढलं, ते परत बसलं नाही, कारण बसवायला दोन पाने लागतात आणि त्यातला एक नेमका सापडत नाही. माणूस बेफिकीर असतो असं नाही, त्याला कंटाळा येतो. त्याच बोल्टांच्या जागी हाताने पिळायचे प्लास्टिकच्या मुठीचे बोल्ट घाला, ते कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. गार्ड अर्ध्या मिनिटात बसतं, मग बसवलंही जातं. दहा इंची ब्लेड २८८० आरपीएमच्या मोटरला थेट जोडलेलं असेल तर त्याचे दात ताशी साधारण १३८ किलोमीटर वेगाने फिरतात. मुंबई-गोवा महामार्गावर हा वेग आजवर कुणाला मिळालेला नाही.

दुसरी सोय बंद करण्याच्या बटणाची. माझा स्टार्टर, म्हणजे चालू-बंद बटणांचा डबा, मागच्या बाजूला होता, म्हणजे मशीन बंद करायला ब्लेडवरून वाकायचं. तो पुढे, टेबलाच्या खाली डावीकडे आणला. त्याच्यावर प्लायची एक उभी पट्टी वरच्या कडेला बिजागरीने टांगली. हिरव्या बटणासमोर बोट जाईल एवढं भोक आणि लाल बटणासमोर पट्टीच्या मागे चिकटवलेला लाकडाचा ठोकळा. पट्टीचं खालचं टोक गुडघ्यापर्यंत येतं. दोन्ही हात फळीवर असताना गुडघ्याने नुसतं ढकललं की मशीन बंद. चालू करायला मात्र मुद्दाम बोट घालावं लागतं.

बाकी दिवा, पाने ठेवायचा खण, भुशाच्या पाइपला झडप अशा बारीक गोष्टी आहेत. तुमचं मत सांगा, विरोधी असेल तर आधी सांगा.

कुडाळचो मेस्त्री

दापोलीकरांनू, वाचून बरा वाटला, पण पटला नाय. गिऱ्हाईक माका दाराच्या फळीचे पैसे देता, मशीनीक लावलेल्या खणाचे न्हय. गणपतीआधी पाट, चौरंग, मखराची कामा अशी येऊन पडतत की जेवक वेळ गावणा नाय. तेव्हा मशीनीची हजामत करीत कोण बसतलो?

आणि ता ढोपरान दाबूचा फळकूट. माझो पोरगो मशीनीक टेकान उभो रवता. अर्ध्या कापात ढोपार लागला आणि मशीन बंद पडली तर फळी ब्लेडात अडाकतली, त्याचा काय? काय लोक तर मशीनीक चाकासुद्धा लावतत! माझ्या मांगरात जमीन शेणान सारवलेली. थंय चाका लावलय तर कटर मशीन माझ्यापेक्षा जास्त फिरात.

वायरमन (रत्नागिरी)

दोघेही महत्त्वाचा मुद्दा सोडून भांडताय. बटण पुढे की मागे हा नंतरचा प्रश्न. आधी ते बटण कुठल्या जातीचं आहे?

मी जातो त्यातल्या कितीतरी शेडमध्ये मशीन साध्या स्विचवर नाहीतर एमसीबीवर चालतं. लाइट गेली की मेस्त्री चहाला जातो, स्विच तसाच चालू. लाइट आली की मशीन आपोआप सुरू. टेबलावर गुण्या पडलेला असेल, नाहीतर कुणी ब्लेडजवळचा भुसा हाताने काढत असेल, मशीनला काय कळणार? आपल्याकडे पहिल्या पावसाच्या वाऱ्याला फांदी तारेवर पडते आणि दिवसातून चारदा लाइट जाते-येते. हिरव्या-लाल बटणांच्या डीओएल स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की कॉइल सुटते आणि हिरवं बटण परत दाबेपर्यंत काहीही फिरत नाही. शिवाय मोटरने जास्त करंट ओढला की ती बंद करणारा ओव्हरलोड रिले असतो, त्यामुळे ओल्या लाकडात ब्लेड अडकून मोटर जळत नाही.

याला कृपया सोय म्हणू नका. ही पहिली गरज आहे. तुमचे खण आणि दिवे त्याच यादीत घातले की लोक खण करतात आणि स्टार्टर राहून जातो.

पेटीवाला (देवगड)

मी धागाकर्त्याच्या बाजूने. हंगामात आंब्याच्या पेट्यांच्या पट्ट्या एका मापाच्या ढिगाने कापाव्या लागतात. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीची खूण करत बसलो तर आंबा झाडावरच पिकेल. फेन्स (ब्लेडला समांतर सरकणारी टेकणपट्टी) मापावर आणली, पट्टीचं टोक तिला टेकवलं, आडव्या गाईडने ढकललं, झालं काम. याला खर्च शून्य.

आयटीआयवाला (चिपळूण)

देवगडकर, थांबा. हे आजच्या आज बंद करा.

आडवा काप घेताना फेन्सला टोक टेकवलंत तर कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्स यांच्यामध्ये मोकळा पडतो. तो जरा तिरका झाला की ब्लेडच्या मागच्या, वर येणाऱ्या दातांत सापडतो आणि तुमच्या दिशेने उडतो. शिकाऊ मुलांना पहिल्या आठवड्यात हेच सांगतो. उपाय सोपा आहे. फेन्सवर एक जाड ठोकळा क्लॅम्पने बसवा, पण ब्लेडच्या बराच अलीकडे. पट्टी ठोकळ्याला टेकवून माप घ्या. पुढे ढकलाल तेव्हा टोक ठोकळा सोडून गेलेलं असतं आणि तुकड्याला बाजूला सरकायला जागा राहते. ठोकळ्याची जाडी मात्र मापात धरायला विसरू नका.

कुडाळच्या मेस्त्रींना : मध्येच मशीन बंद पडलं तर त्यात धोका नाही. ब्लेड पूर्ण थांबू द्यायचं, मग फळी मागे घ्यायची. फळी ब्लेडात असतानाच परत चालू करणं, धोका तिथे आहे. आणि गार्डवर एवढी चर्चा झाली, पण ब्लेडच्या मागच्या सुरीचं नाव कुणीच काढलं नाही. आंबा, आकेशिया अशा ताण धरलेल्या लाकडात काप मागून मिटतो, ब्लेडला चिमटा बसतो आणि फळी उसळते. ती सुरी काप मिटू देत नाही. सुरी असेल तर गार्ड नसताना निदान फळी छातीवर येण्याचा धोका बराच कमी होतो. गार्ड अडचणीचं वाटलं तरी सुरी काढू नका.

माझा या धाग्याला विरोध एवढ्याचसाठी की 'सोय' म्हणून लोक जे जोडतात त्यात निम्मं देवगडकरांच्या फेन्ससारखं असतं. सोयीची गोष्ट हाताला लवकर सवयीची होते, मग तिच्यातला धोका दिसेनासा होतो.

पेटीवाला (देवगड)

सर, इतकी वर्षं असंच कापतोय, काही झालं नाही. पण ठोकळा लावायला काही जात नाही. लावतो.

कातारी (सावंतवाडी)

आमची बाजू लेथची, म्हणजे लाकूड फिरवून कांतायच्या मशीनची. आमच्याकडे खेळण्यांसाठी पांगारा कांततात, लाकूड मऊ आणि हलकं. त्याला एक वेग, सागाच्या जाड ठोकळ्याला दुसरा. वेग बदलायला पुलीवरचा पट्टा सरकवायचा असतो आणि तो सरकवायचा कंटाळा म्हणून सगळे एकाच वेगावर कांततात. मग मोठा ठोकळा थरथरतो. मी तीन फेजची मोटर व्हीएफडीवर, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणाऱ्या डब्यावर, घेतली. घरचा एक फेज आत, तीन फेज बाहेर, वेग बटण फिरवून. आता मोठं काम असेल तर मी खरोखर हळू सुरू करतो. ज्यांना करायचंय त्यांनी मोटरची पाटी वाचावी : डेल्टा जोडणीला (मोटरच्या तारा जोडायच्या स्टार आणि डेल्टा या दोन पद्धतींपैकी एक) २३० व्होल्ट लिहिलेलं असेल तरच जमतं, आणि डबीतली पट्टी स्टारवरून डेल्टावर न्यावी लागते.

तेव्हा कंटाळ्याचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य.

कुडाळचो मेस्त्री

सर्वांचा वाचलंय. वायरमनांचा पटला. पण पावसाचा कोणच बोलणा नाय. चार म्हयने हवेत पाणी. एमडीएफची (भुसो दाबून केलेली फळी) झडप केलास तर जुलैत फुगान अशी बसता की हातोडीन उघडूची लागता. चाकांचे बेअरिंग गंजतत, खणातले ड्रिल गंजतत. जितक्या जास्त जोडशात तितक्या जास्त गंजतला. माझा टेबल बिडाचा, मी तेका फक्त मेण घासतंय.

मांगरातला रंधा (दापोली)

मेस्त्री, हा तुमचा मुद्दा बिनतोड आहे. एमडीएफ या किनाऱ्यावर वापरूच नये. माझी झडप ॲक्रिलिकची आहे, सनमायका लावलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्ये सरकते, ती फुगत नाही. भुशाचा पाइप प्लंबरचा ११० मिलिमीटरचा पीव्हीसी, त्याला गंज नाही. आणि शेणाच्या जमिनीवर चाकं नकोत हे कबूल. चाकं माझ्याही मशीनला नाहीत, तुम्हीच ती आणलीत.

पण भुशाची ओढणी (भुसा खेचून घेणारा पंखा) मात्र मी नुसती सोय समजत नाही. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं, मुख्यतः नाकातल्या कर्करोगामुळे. पडवी उघडी आहे, वारा येतो, असं म्हणून भागत नाही. वाऱ्याने जाड भुसा अंगणात जातो, बारीक धूळ नाकासमोरच तरंगते. आणि ओढणी चालू करायला उठून भिंतीपर्यंत जावं लागलं तर लहान कापासाठी ती कुणी चालू करत नाही. म्हणून तिचं बटण कटरच्या शेजारी.

आयटीआयवाले सर, सवयीबद्दल तुम्ही बरोबर आहात. पण खिळ्याला टांगलेल्या गार्डाचीही सवयच झालेली असते की.

आयटीआयवाला (चिपळूण)

झालेली असते. म्हणून मी म्हणतो, मशीनला काही जोडण्याआधी दुसऱ्या एका सुताराला दाखवा. आपल्या जुगाडातली खोट आपल्याला दिसत नाही, शेजाऱ्याला लगेच दिसते. मुठीच्या बोल्टला माझा विरोध नाही, मी वर्कशॉपमध्ये लावून बघेन. गुडघ्याच्या पट्टीबद्दल अजून शंका आहे. प्लायऐवजी जाड ॲक्रिलिक वापरा, म्हणजे स्टार्टर झाकला जाणार नाही.

कुडाळचो मेस्त्री

वायरमनांनू, एक सांगा. माझी मोटर एक फेज, दोन एचपीची. दुकानात जावन 'दोन एचपीचो स्टार्टर' म्हटलय तर चलात?

वायरमन (रत्नागिरी)

नको. दोन एचपी म्हटल्यावर तीन फेजचा हातात देतील, त्याचा रिले कमी अँपिअरचा असतो आणि सारखा ट्रिप होईल. मोटरच्या पाटीवर अँपिअर लिहिलेले असतात त्याचा फोटो काढून न्या आणि तो आकडा ज्याच्या रेंजमध्ये बसतो तो रिले मागा. कॉइल २३० व्होल्टची आहे ना ते डबा उघडून बघा, ४१५ची दिली तर एक फेजवर उचलणारच नाही. आणि अर्थिंगची तार नवी घाला, जुनी गंजलेली असणार.