अंटार्क्टिकाला छोट्या जहाजाने: बडोद्याहून एवढं लांब जावं का?

कलहंस:
ओळखीतली काही मंडळी निवृत्तीनंतर अंटार्क्टिकाला निघाली आहेत आणि स्वस्त पडतं म्हणून मोठ्या क्रूझकडे वळत आहेत. माझं स्पष्ट मत, जायचंच तर छोटं जहाज घ्या. तिथल्या पर्यटन कंपन्यांच्या संघटनेचा नियमच आहे: 500 हून जास्त प्रवासी असतील तर कुणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही, आणि एका जागी एका वेळी फार तर 100 माणसं. मोठ्या जहाजाच्या डेकवरून पेंग्विन म्हणजे दुर्बिणीतले ठिपके.

मी जाऊन आले आहे. उतरण्याआधी बूट जंतुनाशकात बुडवायचे, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं बीसुद्धा काढायचं. पेंग्विनपासून 5 मीटर लांब राहायचं. बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर खड्डा बुजवूनच पुढे, कारण त्यात पडलेल्या पेंग्विनला वर येता येत नाही. बर्ड फ्लू आल्यापासून जमिनीवर बसायलाही बंदी. एवढी शिस्त मी आपल्याकडे कुठल्याच जंगलात पाहिली नाही.

दांडियाबाजार:
ताई, शिस्तीबद्दल वाद नाही. पण बडोद्याहून मुंबई, तिथून विमानं बदलत अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं बंदर उशुआया, आणि मग ड्रेक पॅसेज या तिथून अंटार्क्टिकापर्यंतच्या समुद्रात दोन दिवस इंधन जाळत जायचं! जहाज छोटं म्हणजे तो धूर थोड्याच माणसांत वाटला जातो, म्हणजे माणशी जास्त, हेही बघा. शिवाय एका वेळी 100 म्हटलं तरी हंगामात एकूण किती जणांनी यायचं याला मर्यादाच नाही. 2022-23 च्या हंगामात लाखावर पर्यटक गेले.

आपला वढवाणा तलाव डभोईजवळ आहे. गायकवाडांच्या राज्यात सिंचनासाठी बांधलेला, 2021 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब हे हंसासारखे पक्षी उतरतात, हिमालय ओलांडून आलेले. पहाटे निघा, दुपारी घरी जेवायला या.

जुना_मांडवीकर:
दोघांचंही पटतं, पण नियम कुणाचा हे महत्त्वाचं. अंटार्क्टिकात बराचसा भार कंपन्यांच्या स्वेच्छेवर. इक्वेडोरच्या गलापगोस बेटांवर राष्ट्रीय उद्यानच ठरवतं: जहाजावर 100 च्या वर प्रवासी नाहीत, एका गाईडमागे 16 जण. नॉर्वेच्या उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड बेटांवर 2025 पासून कायदा: संरक्षित भागात 200 प्रवाशांपर्यंतचीच जहाजं, आणि ध्रुवीय अस्वलापासून 300 मीटर, मार्च ते जून 500. माझ्या वयाला रबरी होडीतून गुडघाभर पाण्यात उतरणं झेपणार नाही, पण तरुणांनी जायचं तर कायदा कडक असेल तिथे जावं.

कलहंस:
दांडियाबाजार, एकूण संख्येवर मर्यादा हवीच, तो मुद्दा मला शंभर टक्के मान्य. मात्र वढवाणा हा पर्याय नव्हे. मी दर हिवाळ्यात तिथे जाते. तरी होडीचं इंजिन बंद केल्यावर शेजारी हंपबॅक देवमासा वर येतो, फस्सकन श्वास सोडतो, त्या श्वासाचा माशाळ वास आपल्या तोंडावर येतो, ते इथे बसून कसं कळणार?

दांडियाबाजार:
ते कळावं असं मलाही वाटतं, ताई. पण असं वाटणारे दरवर्षी वाढत चाललेत आणि त्यांना पेलायला किनारे तेवढेच आहेत. बूट कितीही धुतले तरी धूर धुतला जात नाही. मर्यादा येईपर्यंत कुणी मला विचारलं तर मी जाऊ नका असंच सांगेन.