इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये १८२०च्या दशकात एवढी संग्रहालये का उभी राहिली?

प्रश्न: यॉर्क, स्कारबरो, व्हिटबी – तिन्हीकडे विद्वत्सभांनीच (सभासदांच्या वर्गणीवर चालणाऱ्या अभ्यासकांच्या संस्थांनी) संग्रहालय काढलं. कारण काय? आणि पुढे सभांना ती झेपली का?

उत्तर १: ठिणगी यॉर्कशायरमधल्या कर्कडेल गुहेची. १८२१मध्ये तिथे प्राण्यांची हाडं मिळाली; ती गुहा म्हणजे तरसांचं बीळ होतं, हे भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी दाखवलं. तीन संग्राहकांनी आपापली हाडं एकत्र केली आणि १८२२मध्ये यॉर्कशायर फिलॉसॉफिकल सोसायटी जन्मली. तिचं यॉर्कमधलं संग्रहालय १८३०मध्ये उघडलं.

उत्तर २: स्कारबरोचं संग्रहालय, रोटुंडा (१८२९), नक्की बघा. इमारत गोल असावी, ही भूवैज्ञानिक विल्यम स्मिथ यांची सूचना. जीवाश्म फळ्यांवर खडकांच्या थरांच्या क्रमाने लावले, म्हणजे नमुना कोणत्या फळीवर आहे हीच त्याच्या थराची माहिती. अशा मांडणीत चिठ्ठी नसलेला नमुना जागचा हलला की त्याचा थर कायमचा हरवतो. म्हणून नोंदवहीतला क्रमांक नमुन्यावरच शाईने लिहिलेला हवा.

उत्तर ३: झेपण्याबद्दल: वर्गणी ठरलेली, देणग्यांचे नमुने मात्र वाढतच जातात. छप्पर, कपाटं, अभिरक्षकाचा पगार यांचा ताण तिथेच येतो. यॉर्कचं संग्रहालय अखेर शहराकडे गेलं. व्हिटबीचं मात्र १८२३च्या त्याच संस्थेकडे आजही आहे! जुना नमुना कुणी दिला हे शोधायचं तर सोसायटीचे वार्षिक अहवाल चाळा. देणगीदारांच्या याद्या त्यांत छापलेल्या असतात.