पंखे फिरतात, लाइट लागतो, पण मॉनिटरवर 'नो सिग्नल'

प्रश्न: असेंबल केलेला डेस्कटॉप आहे. डीडीआर4 रॅमच्या 8 जीबीच्या दोन पट्ट्या, 450 वॉटचा पॉवर सप्लाय, वेगळं ग्राफिक्स कार्ड. आठवडाभर बंद होता. आता बटण दाबलं की सगळे पंखे फिरतात, पण डिस्प्ले नाही आणि बीपही नाही. मॉनिटर लॅपटॉपला लावल्यावर नीट चालतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर १: आधी केबल बघा. ती मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डलाच लागलेली हवी. मग रॅम. पावसाळी दमट हवेत बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये बहुतेक वेळा तिथेच घोळ असतो. भिंतीवरचा स्विच बंद करून प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावा. दोन्ही पट्ट्या काढून सोनेरी पिना मऊ पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झाडा. आता एकच पट्टी लावा. चार स्लॉट असतील तर प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये. 'टक' आवाज येईपर्यंत दाबायची. अर्धवट बसलेली पट्टी वरून बघून कळत नाही.

उत्तर २: शाईचा खरखरीत खोडरबर अजिबात नको, सोन्याचा मुलामा खरवडून निघतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर सर्वात उत्तम. आणि बीप नाही यावरून काही ठरवू नका, बऱ्याच कॅबिनेटमध्ये स्पीकरच नसतो. छोटा स्पीकर बोर्डाच्या पिनांवर लावा आणि रॅम पूर्ण काढून मशीन चालू करा. बीप आले तर प्रोसेसर आणि बोर्ड जिवंत आहेत.

उत्तर ३: प्रोसेसरजवळची 4 किंवा 8 पिनांची पॉवर वायरही काढून पुन्हा लावा. ती सैल असली तरी पंखे फिरतात, डिस्प्ले मात्र येत नाही. त्यानंतर प्लग काढलेला असतानाच मदरबोर्डवरचा सेटिंग्ज जपणारा गोल, चपटा सेल (सीआर2032) पाच मिनिटं बाहेर ठेवा. मल्टिमीटरवर तो 3 व्होल्टच्या आसपास हवा, 2.7 च्या खाली गेला असेल तर बदलाच. पॉवर सप्लायचा डबा मात्र उघडू नका, आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहतो.

प्रश्नकर्ता: एका पट्टीवर डिस्प्ले आला! दुसरी लावली की पुन्हा अंधार.

उत्तर १: आता चालणारी पट्टी काढून त्याच स्लॉटमध्ये दुसरी एकटीच लावा. डिस्प्ले आला नाही तर ती पट्टी गेली. आला तर संशय ती पट्टी आधी लावली होती त्या स्लॉटवर: तिथे धूळ किंवा वाकलेली पिन आहे का, टॉर्च लावून बघा.