भीती कशाची, हे आधी बघा

एक्स्पोजर, म्हणजे ज्याची भीती वाटते त्याला मुद्दाम, पुन्हा पुन्हा सामोरं जाणं, नेमाने करूनही गर्दीची भीती जात नाही, अशी तक्रार काहीजण करतात. मला वाटतं, भीती नेमकी कशाची आहे ते आधी तपासायला हवं. ‘इथे मला हार्ट अटॅक येईल’ आणि ‘मी थरथरताना सगळे बघतील’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी जिने चढून, मुद्दाम भरभर श्वास घेऊन धडधडीची सवय करतात. दुसरी असेल तर तेवढ्याने भागत नाही; लोकांदेखत घाम येऊ द्यावा लागतो, आवाज कापत असतानाच बोलावं लागतं. नाहीतर माणूस रांगेत उभा राहतो खरा, पण मोबाइलमध्ये डोकं खुपसून, दाराजवळची जागा धरून. अशाने भीती कमी कशी होणार?

मानसिक आजारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका डीएसएम-५ २०१३ मध्ये आली; तेव्हापासून अ‍ॅगोराफोबिया (जिथून सहज निसटता येणार नाही किंवा मदत मिळणार नाही अशा जागांची भीती) हे पॅनिकपासून (अचानक येणाऱ्या तीव्र घबराटीच्या झटक्यांपासून) वेगळं निदान आहे. सोशल अँग्झायटी, म्हणजे लोक बघतील, नावं ठेवतील ही भीती, मात्र बरेचदा नजरेतून सुटते, कारण थेरपिस्टसमोरही संकोच वाटतोच. गृहपाठ केला नाही हे सांगवत नाही, ‘बरं आहे’ म्हणून विषय संपवला जातो. ग्रुप थेरपी तर याहून अवघड. तोंडाने बोलणं जड जात असेल तर कागदावर लिहून द्या, पण थेरपिस्टला हे कळू द्याच.